पॅरा ट्रॅक सायकलिंगमधील वर्गीकरण आणि समन्यायाची संकल्पना : एक विवेचन

सारांश

शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय ट्रॅक सायकलिंग स्पर्धांमध्ये परस्परांहून अत्यंत भिन्न शरीरे एकाच शर्यतीत उतरतात. अशी स्पर्धा न्याय्य व्हावी यासाठी खेळाडूंचे वर्गीकरण, गुणांकित वेळ आणि टँडम या तीन व्यवस्था विकसित झाल्या आहेत. प्रस्तुत लेखात या व्यवस्थांचे स्वरूप, त्यांमागील तर्क व त्यांच्या मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. दिव्यांगत्व ही शरीराची टक्केवारी नसून विशिष्ट कृतीवर होणारा परिणाम होय, ही या व्यवस्थेची मूळ धारणा आहे. महाविद्यालयीन क्षेत्रात दिव्यांग विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या सवलतींचा विचार करतानाही ही धारणा मार्गदर्शक ठरू शकते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पॅरा सायकलिंग, वर्गीकरण, गुणांकित वेळ, टँडम, समन्याय, दिव्यांगत्व

१. प्रास्ताविक

ब्रिटनचा जोडी कंडी आणि स्पेनचा अल्फोन्सो काबेलो हे दोन सायकलपटू एक किलोमीटर टाइम ट्रायल या शर्यतीत अनेक वर्षे परस्परांचे प्रतिस्पर्धी राहिले. कंडी याचा एक पाय वयाच्या तिसऱ्या वर्षी शस्त्रक्रियेने गुडघ्याखाली कापावा लागला. तो कृत्रिम पाय लावून सायकल चालवितो. काबेलो याला जन्मतःच एका हाताचा खालचा भाग नाही. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये या शर्यतीचे सुवर्णपदक काबेलोने जिंकले, २०१६ मध्ये रिओ येथे ते कंडीकडे गेले आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो २०२० स्पर्धेत पुन्हा काबेलोने ते मिळविले.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. एकाला पाय नाही, दुसऱ्याला हात नाही. मग या दोघांत 'श्रेष्ठ सायकलपटू कोण' हे ठरवायचे कसे? सर्वसामान्य क्रीडास्पर्धेत सर्वांना समान नियम लावले की न्याय झाला असे मानले जाते. परंतु जेथे आरंभबिंदूच समान नाही, तेथे केवळ समान नियम पुरेसे ठरत नाहीत. समता आणि समन्याय यांतील हा भेद सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकांना परिचित आहे. पॅरा ट्रॅक सायकलिंगचे वैशिष्ट्य असे, की येथे हा भेद तात्त्विक चर्चेत न राहता सेकंदाच्या सहस्रांश भागापर्यंत मोजला जातो. म्हणूनच या क्रीडाप्रकाराचा अभ्यास केवळ शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांपुरता मर्यादित राहू नये, असे वाटते.

२. क्रीडाप्रकाराचा विकास

दिव्यांगांच्या सायकल शर्यतींचा प्रारंभ दृष्टिबाधित सायकलपटूंनी दोन आसनांच्या टँडम सायकलीवरून केला. पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगचा समावेश १९८४ मध्ये झाला. तथापि त्या शर्यती रस्त्यावरच्या होत्या. ट्रॅकवरील शर्यतींचा समावेश १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून झाला. प्रारंभी या खेळाचे नियमन आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीकडे होते. २००७ पासून ते आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेकडे (यूसीआय) आले. हा बदल प्रशासकीय वाटला तरी अर्थपूर्ण होता. दिव्यांगांची सायकल शर्यत ही प्रथम सायकल शर्यत आहे, ही भूमिका त्यातून मान्य झाली. २०२३ मध्ये ग्लासगो येथे सायकलिंगच्या विविध प्रकारांच्या जागतिक स्पर्धा एकत्रित भरविण्यात आल्या, तेव्हा पॅरा ट्रॅक सायकलिंगची जागतिक स्पर्धाही त्यांचाच एक भाग होती.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सायकलिंगच्या एकूण ५१ सुवर्णपदकांपैकी १७ पदके ट्रॅकवरील शर्यतींसाठी होती. त्यांतील ९ शर्यती पुरुषांच्या, ७ महिलांच्या आणि १ मिश्र संघाची होती.

३. ट्रॅक, सायकल आणि शर्यतींचे स्वरूप

ज्या बंदिस्त संकुलात या शर्यती होतात त्यास वेलोड्रोम म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठीचा ट्रॅक सामान्यतः २५० मीटर लांबीचा, लाकडी व अंडाकृती असतो आणि वळणांवर तो ४० अंशांहून अधिक तिरपा असतो. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतात, गिअर बदलण्याची सोय नसते आणि फ्रीव्हीलही नसते. म्हणजेच चाक फिरत असेपर्यंत पेडल फिरतच राहते. स्वाराला पाय थांबविता येत नाहीत.

यंत्राच्या या रचनेचा दिव्यांगत्वाशी निकटचा संबंध आहे. हाताची क्षती असलेल्या स्वाराला रस्त्यावर ब्रेक आणि गिअर हाताळण्याची अडचण येते, ती ट्रॅकवर उरत नाही. मात्र स्थिर अवस्थेतून सुटताना स्वार दोन्ही हातांनी हँडल ओढून पेडलवर जोर देतो. तेथे एका हाताची उणीव प्रकर्षाने जाणवते. याउलट एकाच पायाने पेडल मारणाऱ्या स्वाराला प्रत्येक फेऱ्यात असा एक क्षण येतो, की जेव्हा त्याचा पाय खाली पोहोचलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने जोर देणारे कोणी नसते. वेग आल्यानंतर फिरत्या चाकाची गती पेडलला त्या क्षणातून पुढे नेते. पण सुटण्याच्या वेळी ती गतीच नसते. थोडक्यात, एकच सायकल, एकच ट्रॅक. परंतु प्रत्येक शरीराची अडचण शर्यतीच्या वेगळ्या टप्प्यावर प्रकट होते.

शर्यतींचे प्रमुख प्रकार तीन होत. टाइम ट्रायलमध्ये स्वार एकटा घड्याळाविरुद्ध धावतो. पॅरिस येथे हे अंतर पुरुषांसाठी आणि टँडमवरील महिलांसाठी १,००० मीटर, तर सी गटातील महिलांसाठी ५०० मीटर होते. वैयक्तिक पाठलाग शर्यतीत दोन स्वार ट्रॅकच्या समोरासमोरील बाजूंनी एकाच वेळी सुटतात. ३ किंवा ४ किलोमीटरचे अंतर आधी कापणारा, अथवा प्रतिस्पर्ध्याला गाठणारा विजयी ठरतो. तिसरा प्रकार मिश्र सांघिक स्प्रिंटचा. यात तीन स्वारांचा संघ ७५० मीटर धावतो. संघनिवडीच्या वेळी प्रत्येक स्वाराच्या वर्गानुसार गुण धरले जातात आणि त्यांची बेरीज ठरावीक मर्यादेत ठेवावी लागते. त्यामुळे केवळ सौम्य क्षती असलेल्या खेळाडूंचा संघ उभा करता येत नाही. तीव्र क्षती असलेला खेळाडू संघाची गरज बनतो.

४. वर्गीकरणाची पद्धती

पॅरा सायकलिंगमध्ये चार गट आहेत : साधी सायकल चालविणाऱ्यांचा सी, टँडमवरील दृष्टिबाधितांचा बी, तीनचाकी चालविणाऱ्यांचा टी आणि हातांनी चालविण्याच्या सायकलीचा एच. यांपैकी ट्रॅकवर केवळ सी व बी हे दोनच गट उतरतात. सी गटाचे सी-१ ते सी-५ असे पाच वर्ग असून सी-१ मध्ये क्षतीचा परिणाम सर्वाधिक, तर सी-५ मध्ये सर्वांत कमी असतो.

वर्ग ठरविण्याची प्रक्रिया तीन प्रश्नांतून पुढे जाते. पहिला प्रश्न, खेळाडूची क्षती मान्यताप्राप्त प्रकारांत मोडते काय? स्नायूंची क्षीण शक्ती, सांध्यांच्या हालचालींवरील मर्यादा, अवयवाचा अभाव, स्नायूंचा ताठरपणा, हालचालींतील असमन्वय यांसारखे प्रकार यात येतात. दुसरा प्रश्न, ती क्षती किमान निकष पूर्ण करते काय? आणि तिसरा, तिचा सायकल चालविण्यावर किती परिणाम होतो? यासाठी वैद्यकीय व तांत्रिक तज्ज्ञांचे मंडळ प्रथम खेळाडूची शारीरिक तपासणी करते, नंतर त्याला सायकलीवर पाहते आणि आवश्यकतेनुसार प्रत्यक्ष शर्यतीतही त्याचे निरीक्षण करते. ज्यांची अवस्था कालांतराने बदलू शकते त्यांचा वर्ग पुनर्तपासणीच्या अधीन ठेवता येतो.

या पद्धतीमागे एक महत्त्वाचे वैचारिक स्थित्यंतर आहे. २००८ च्या बीजिंग स्पर्धेपर्यंत वर्गांची विभागणी रोगनिदानावर आधारलेली होती. अवयवांची क्षती असलेल्यांचे वर्ग वेगळे आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्यांचे वर्ग वेगळे असत. २०१२ च्या लंडन स्पर्धेत सी-१ ते सी-५ ही एकत्रित रचना होती. 'या खेळाडूला काय झाले आहे?' या प्रश्नाची जागा 'त्यामुळे सायकल चालविण्यावर काय परिणाम होतो?' या प्रश्नाने घेतली. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने २००७ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरण संहितेचा आशयही हाच होता.

याचा परिणाम पदकविजेत्यांच्या यादीतही दिसतो. टोकियो स्पर्धेतील अगदी पहिले सुवर्णपदक ऑस्ट्रेलियाच्या पेज ग्रेको हिने महिलांच्या सी-१ ते सी-३ पाठलाग शर्यतीत मिळविले; तिला सेरेब्रल पाल्सी होती. त्याच देशाच्या एमिली पेट्रिकोला हिने टोकियो व पॅरिस या दोन्ही ठिकाणी सी-४ पाठलाग शर्यत जिंकली. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आहे. निदाने भिन्न असली तरी मोजमापाची फूटपट्टी एकच आहे.

५. गुणांकित वेळ : वेगवेगळ्या वर्गांची तुलना

प्रत्येक वर्गासाठी स्वतंत्र शर्यत ठेवणे नेहमी शक्य होत नाही. काही वर्गांत खेळाडू मोजकेच असतात. पॅरिस येथे पुरुषांच्या पाठलाग शर्यतीत पाचही वर्गांना स्वतंत्र पदके होती; परंतु महिलांमध्ये सी-१ ते सी-३ हे तीन वर्ग एकत्र होते आणि टाइम ट्रायलमध्ये तर पुरुष व महिला दोघांसाठीही सी-१ ते सी-३ आणि सी-४ व सी-५ अशी एकत्रित विभागणी होती. अशा एकत्रित शर्यतींत गुणांकित वेळेचा अवलंब केला जातो. स्वाराने प्रत्यक्षात घेतलेली वेळ त्याच्या वर्गासाठी निश्चित केलेल्या गुणांकाने गुणली जाते आणि त्या गुणाकारावरून क्रम लागतो.

केवळ आकलनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सी-३ मधील स्वाराने ७० सेकंद घेतले आणि त्याचा गुणांक १ आहे. सी-१ मधील स्वाराने ७६ सेकंद घेतले आणि त्याचा गुणांक ०.९० आहे. दुसऱ्याची गुणांकित वेळ ६८.४० सेकंद होते आणि घड्याळात मागे असूनही तो विजयी ठरतो. प्रेक्षकांना हे प्रथम चमत्कारिक वाटते. तथापि तर्क स्पष्ट आहे. आपल्या वर्गाच्या शक्यतेच्या मर्यादेपर्यंत कोण अधिक पोहोचला, याची ही तुलना आहे.

हा गुणांक क्षतीच्या टक्केवारीवरून का काढता येत नाही, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. सपाटीवर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवेचा रोध होय. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे वेग टिकविण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यत्यास असा, की एखाद्या स्वाराची शक्ती निम्मी झाली तर त्याचा स्थिर वेग निम्मा न होता सुमारे ७९ टक्के राहतो आणि तेवढेच अंतर कापण्यास त्याला दुप्पट नव्हे, तर साधारण २६ टक्के अधिक वेळ लागतो. शिवाय सुटण्याच्या टप्प्यावरचे नुकसान याहून निराळे असते. म्हणून शरीराची '५० टक्के हानी' आणि कामगिरीतील ५० टक्के घट यांचे समीकरण मांडता येत नाही. परिणाम हा कृतीमध्येच मोजावा लागतो.

६. टँडम : सहकार्याची व्यवस्था

बी गटात वर्गीकरणाऐवजी सहकार्याचा मार्ग अनुसरला आहे. पुढील आसनावर डोळस पायलट आणि मागे दृष्टिबाधित खेळाडू बसतो. दिशा पायलट सांभाळतो, शक्ती मात्र दोघांची असते. पूर्ण अंध आणि अंशतः दृष्टी असलेले खेळाडू येथे एकाच शर्यतीत उतरतात. कारण दिशा पायलटकडे असल्याने दृष्टीच्या कमी-अधिक प्रमाणाचा प्रश्न बराचसा गौण होतो. टँडम जड असल्याने ती सुटताना संथ असते. परंतु दोघांची शक्ती एकत्र येते आणि मागचा स्वार पुढच्याच्या आडोशाला असल्याने हवेचा रोध त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी टँडमचा वेग एकट्या स्वाराहून अधिक असू शकतो.

स्कॉटलंडचा नील फाची याने २०१२ मध्ये बार्नी स्टोरी या पायलटसह आणि टोकियो येथे मॅट रॉदरहॅम या पायलटसह एक किलोमीटर शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. पदक खेळाडूला आणि पायलटलाही दिले जाते. साहाय्य घेतल्याने कर्तृत्व उणावत नाही आणि साहाय्य करणारा केवळ मदतनीस राहत नाही, हा त्यामागील संकेत होय.

७. मर्यादा आणि वाद

ही व्यवस्था निर्दोष आहे असे म्हणता येणार नाही. पहिली मर्यादा वर्गांच्या सीमारेषांची. क्षती ही अखंड चढत्या क्रमाची गोष्ट असते, वर्ग मात्र पाचच. एका वर्गाच्या तळाशी असलेला खेळाडू एक पायरी खालच्या वर्गात गेला तर पदकाचा दावेदार ठरतो. यामुळेच तपासणीच्या वेळी आपली क्षमता मुद्दाम कमी दाखविण्याचा मोह निर्माण होतो आणि म्हणूनच असे वर्तन हा गंभीर अपराध मानला गेला आहे. दुसरी मर्यादा गुणांकाची. नोंदविलेल्या कामगिरीवरून गुणांक ठरवायचा तर थोडे खेळाडू असलेल्या वर्गात एखाद्या असामान्य खेळाडूची कामगिरीच त्या वर्गाची शक्यता म्हणून गृहीत धरली जाण्याचा धोका राहतो. तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. तीनचाकी आणि हातसायकल चालविणाऱ्यांना तिरप्या ट्रॅकवर स्थान नाही. त्यांच्या शर्यती रस्त्यावरच होतात. अर्थात, समावेशक म्हणविणाऱ्या मैदानाच्याही भिंती असतात.

नियमांच्या कठोरपणाचे एक उदाहरण येथे नोंदविणे उचित ठरेल. २०१२ च्या लंडन स्पर्धेत कंडी सुटण्याच्या क्षणी अडखळला. सुरुवातीच्या यंत्रातून सायकल नीट सुटली नाही, असे त्याचे म्हणणे होते. पंचांनी ती स्वाराची चूक मानली व पुन्हा संधी नाकारली. स्वदेशातील प्रेक्षकांसमोर त्याने तीव्र संताप व्यक्त केला आणि नंतर प्रेक्षकांची क्षमाही मागितली. निर्णय योग्य होता की नाही यावर मतभेद संभवतात. परंतु लक्षणीय गोष्ट अशी, की दिव्यांग आहे म्हणून त्याला सूट मिळाली नाही आणि त्यानेही दयेची नव्हे, तर नियमाची भाषा वापरली. क्षतीचा विचार शर्यतीपूर्वी वर्गीकरणात पूर्ण झालेला असतो. शर्यत सुरू झाल्यावर उरतो तो केवळ खेळाडू.

८. भारतीय संदर्भ

२०१० मध्ये दिल्ली येथे झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडची सारा स्टोरी इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील वेलोड्रोमवर पाठलाग शर्यतीत उतरली होती. डाव्या हाताचा पंजा विकसित न झालेली ही खेळाडू तेथे दिव्यांगांच्या नव्हे, तर सर्वसाधारण गटात स्पर्धा करीत होती. पुढे पॅरिसपर्यंत तिच्या पॅरालिम्पिक सुवर्णपदकांची संख्या १९ झाली. भारतीय भूमीवर घडलेली ही घटना आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही.

पॅरालिम्पिकच्या सायकल शर्यतींत भारताचा प्रवेश मात्र २०२४ मध्ये झाला. आंध्र प्रदेशातील अर्शद शेख आणि महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्यातील ज्योती गडेरिया हे दोघे पॅरिस येथे सी-२ वर्गातून सहभागी झाले. पदक मिळाले नाही. तथापि अटलांटानंतर २८ वर्षांनी या ट्रॅकवर भारताची नोंद झाली. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थिनींपुढे आता एक मूर्त उदाहरण आहे.

आपल्या व्यवस्थेत दिव्यांगत्वाची ओळख प्रामुख्याने प्रमाणपत्रावरील टक्केवारीतून होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने १९९५ च्या कायद्यातील ७ प्रकारांऐवजी २१ प्रकार मान्य केले, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद केली आणि क्रीडाविषयक कार्यक्रमांची पुनर्रचना करून दिव्यांगांचा सहभाग साधण्याचेही निर्देश दिले. प्रवेशाच्या टप्प्यावर टक्केवारी आवश्यकच आहे. तिच्याविना हक्क मिळणार नाही. अडचण आहे ती पुढच्या टप्प्यावर. प्रवेशानंतरही आपण तीच टक्केवारी हाताशी धरून निर्णय घेत राहतो.

परीक्षेतील वाढीव वेळेचे उदाहरण सर्व प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. केंद्र शासनाने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत लेखनिक घेणाऱ्या दिव्यांग परीक्षार्थीस ताशी किमान २० मिनिटे अधिक वेळ देण्याची तरतूद केली. ही तरतूद मोलाची आहे. परंतु 'किमान' या शब्दाकडे आपले बहुधा दुर्लक्ष होते. अंध विद्यार्थ्याला लेखनिकाकडून आकृती समजून घेण्यास लागणारा वेळ, बोटांच्या क्षतीमुळे लिहिण्यास लागणारा वेळ आणि सेरेब्रल पाल्सीमुळे उच्चारण्यास लागणारा वेळ हे तीन भिन्न परिणाम आहेत; शिवाय विषयागणिकही ते बदलतात. एकच आकडा सर्वांना लावणे म्हणजे सी-१ आणि सी-५ यांना एकच गुणांक लावण्यासारखे होय.

क्रीडांगणावरील स्थिती याहून चिंताजनक आहे. दिव्यांग विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षणाच्या तासातून 'सूट' देणे ही आपल्याकडे सहृदयता समजली जाते. हेतू चांगला असला तरी या सवलतीचा प्रत्यक्ष अर्थ वगळणे असा होतो. कोणती कृती शक्य आहे, कोणत्या साधनाने शक्य होईल आणि तिचे मोजमाप कसे करावे, हे तीन प्रश्न विचारलेच जात नाहीत. वेलोड्रोमची गरज येथे नाही. एक टँडम सायकल, एक डोळस सहाध्यायी आणि महाविद्यालयाचे मैदान एवढ्यावरही प्रारंभ होऊ शकतो.

९. समारोप

पॅरा ट्रॅक सायकलिंगच्या उपरोक्त विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, दिव्यांगत्वाचा परिणाम शरीरात नव्हे, तर कृतीत मोजावा लागतो. दोन, समन्याय हा सदिच्छेने आपोआप साधत नाही. त्यासाठी तपासणी, आकडेमोड, निरीक्षण आणि वेळोवेळी चूक दुरुस्त करण्याची तयारी लागते. वर्गरचना बदलली, नियमन एका संस्थेकडून दुसरीकडे गेले, अंतरे व गुणांक सुधारले गेले. ही अस्थिरता त्या व्यवस्थेचा दोष नसून तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. तीन, योग्य तजवीज झाल्यानंतर स्पर्धा कठोर असण्यास प्रत्यवाय नाही. किंबहुना ती कठोर असणे हाच खेळाडूचा सन्मान आहे.

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र आपण काळजीपूर्वक पाहतो आणि धारिकेत ठेवतो. त्यानंतर त्याला एक प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे : 'या विषयात, या प्रयोगशाळेत, या मैदानावर तुला नेमकी कोठे अडचण येते?' वर्गीकरण मंडळ खेळाडूला प्रथम तपासणीच्या खोलीत पाहते. परंतु तेवढ्यावर थांबत नाही, त्याला सायकलीवर बसवून पाहते. आपणही आपल्या विद्यार्थ्याकडे कागदावरून नजर उचलून पाहिले, तर दिलेली सवलत खऱ्या अर्थाने त्याची होईल.